सहा डॉलर, सहा महिने

आजींच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असतात. आवळासुपारीची डबी, नाशिकच्या घराच्या किल्ल्या आणि बँकेचं पासबुक. अमेरिकेत पासबुकाचा काय उपयोग, असं जावई दर वेळी हसून विचारत. "असू द्या हो, वजन ते किती होतंय त्याचं!" एवढंच आजी म्हणत. २०१६ च्या सप्टेंबरात, नायगाराच्या पुलावर, त्या पासबुकाचा उपयोग झाला.

पण ही गोष्ट सुरू होते त्याच्या चार वर्षं आधी, २०१२ साली. मुलीचं पहिलं बाळंतपण न्यू जर्सीत व्हायचं होतं. बत्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आजींनी पासपोर्ट काढला, मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीच्या रांगेत आजोबांसह उभ्या राहिल्या आणि दहा वर्षांचा व्हिसा घेऊन आल्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, तान्ह्या बाळासाठी जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी असं सगळं बांधून दोघं नेवार्कच्या विमानतळावर उतरली. आजोबा दोन महिन्यांत कंटाळले. ते नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. सकाळी गंगेवर फिरायला जायचं, येताना पेपर आणि जुड्या आणायच्या, चार माणसांशी बोलायचं, हा त्यांचा दिनक्रम. तिथं रस्त्यावर चालणारं माणूसच दिसेना. "मी आपला बरा घरी," म्हणून ते परतले. आजी मात्र सहा महिने पुरे करून आल्या.

त्यानंतर २०१४ मध्ये नातू झाला तेव्हा आजी गेल्या. २०१५ मध्ये मुलीनं पुन्हा नोकरी धरली तेव्हा गेल्या, मे ते ऑक्टोबर. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा. आजोबांचा डबा खानावळीतून सुरू व्हायचा, कुंड्यांना पाणी घालायचं काम शेजारच्या वहिनींकडे जायचं आणि आजी बॅगा भरायला घ्यायच्या. जाताना आजोबा एकच वाक्य म्हणत, "सहा महिने तिथं, सहा महिने इथं. आता तू पाहुणी नक्की कुठली, ते एकदा सांगून टाक." आजी ते हसण्यावारी नेत.

आपल्याकडे आता गल्लीगल्लीत अशा आजी आहेत. कुणाची बॅग न्यू जर्सीला निघते, कुणाची कॅलिफोर्नियाला. त्यांच्या तोंडी 'सहा महिने' हा शब्द इतका रुळला आहे, की तो जणू व्हिसावरच छापलेला असतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दारापर्यंत येऊन कडी वाजवण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि घेतलं तर किती दिवस, हे दारावरचा अधिकारी दर वेळी नव्यानं ठरवतो. त्यानं दिलेल्या मुदतीची नोंद 'आय-९४' नावाच्या कागदावर होते. पूर्वी तो पांढरा कागद पासपोर्टात अडकवून देत. २०१३ पासून विमानतळावर त्याची नोंद संगणकातच होऊ लागली. प्रवासी व्हिसावर येणाऱ्याला सहसा सहा महिने मिळतात, पण तो हक्क नव्हे. पाहुणा वारंवार येऊ लागला, आला की मुक्काम ठोकू लागला, तर यजमानाच्या कपाळावर आठी पडतेच. ते घरोघरी चालतं तसंच देशोदेशी.

यात आपणही वेगळे नाही बरं. २००९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत डेव्हिड हेडलीला अटक झाली आणि तो वारंवार भारतात येऊन गेल्याचं उघड झालं, तेव्हा आपल्या सरकारनं त्याच वर्षाच्या अखेरीला पर्यटकांसाठी नियम केला. एकदा देश सोडला की पुन्हा येण्याआधी दोन महिने जाऊ द्यायचे. वर्षानुवर्षं सहा महिने भारतात राहून, चार दिवस नेपाळला जाऊन परत येणारी परदेशी मंडळी त्यामुळे अडचणीत आली. २०१२ च्या अखेरीस काही मोजक्या देशांचे नागरिक वगळता तो नियम उठवला गेला. थायलंडनंही २०१६ संपता संपता, व्हिसा न घेता जमिनीवरच्या सीमेनं येणाऱ्यांना वर्षातून दोनदाच प्रवेश, असं बंधन घातलं. सरहद्दीवर पाऊल टाकून मागे फिरायचं आणि नवी मुदत पदरात पाडून घ्यायची, ही युक्ती जगभर सगळ्यांना माहीत आहे, सरहद्दीवर बसलेल्यांनाही.

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींतही ती युक्ती फिरत होतीच. कुणाच्या तरी सत्यनारायणाच्या प्रसादाला जावयांना एकानं सांगितलं, "विस्ताराचा अर्ज कशाला करता? त्याला दोनशे नव्वद डॉलर भरा, वर महिनोन्‌महिने वाट बघा. त्यापेक्षा नायगाराला जा. पूल ओलांडून कॅनडात एक रात्र काढा, परत येताना खिडकीवर सहा डॉलर भरा आणि नवा आय-९४ घ्या. सहा डॉलर, सहा महिने!" सांगणाऱ्याच्या सासूबाईंना तसे मिळालेही होते म्हणे. अशा गोष्टींत मिळालेल्याची कथा गावभर होते, न मिळालेला गप्प बसतो.

नियम खरं तर याच्या उलट आहे. अमेरिकेतून कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन तीस दिवसांच्या आत परत आलं, तर जुनीच मुदत चालू राहते. मधली ती सहल हिशेबात धरली जात नाही. नवी मुदत देणं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. हे जावयांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुलीची नवी नोकरी जुलैत लागलेली, पहिले सहा महिने तिच्या कामावर डोळा असणार, आणि आजींची मुदत संपत होती ९ ऑक्टोबरला. दोन मुलांचं पाळणाघर म्हणजे एका पगाराचा मोठा घास. ग्रीनकार्ड दोघांना नुकतंच मिळालं होतं, पण त्यावर आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. त्यासाठी आधी तिथलं नागरिक व्हावं लागतं. जानेवारीपर्यंत आजी राहिल्या तर सगळं मार्गी लागेल, असा साधा हिशेब होता. आजींचा पासपोर्ट कॅनडाच्या व्हिसासाठी पाठवला गेला. आजींना सांगितलं एवढंच, "आई, धबधबा कॅनडाच्या बाजूनंच बघायचा असतो."

ते मात्र शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेच्या काठावरून धबधब्याची पाठ आणि कड दिसते. घोड्याच्या नालेसारखा वळलेला मोठा धबधबा समोरून बघायचा तर पलीकडेच जायला हवं. लेबर डेच्या सुट्टीला जोडून शनिवारी पहाटे मंडळी निघाली. सात तासांचा रस्ता, गाडीत दशम्या, चटणी आणि दोन मुलं. रेनबो ब्रिज ओलांडताना नातीनं मधली दोन झेंड्यांची जागा दाखवली. १९३८ च्या जानेवारीत नदीतल्या बर्फाच्या रेट्यानं जुना पूल कोसळला, म्हणून हा बांधला, १९४१ मध्ये. खाली सुमारे दोनशे फुटांवर हिरवं पाणी फेसाळत जातं. त्या दिवशी पलीकडे जायला काहीच अडचण आली नाही. रविवारी लाल रेनकोट घालून आजी बोटीतून धबधब्याच्या पायथ्याशी जाऊन आल्या. चष्मा पुसायचं त्यांनी सोडून दिलं. "दूधसागर पावसाळ्यात पाहिला होता," त्या रात्री फोनवर आजोबांना सांगत होत्या, "पण हे म्हणजे सगळी गंगाच कड्यावरून लोटून दिल्यासारखं." आजोबा म्हणाले, "तू बघ सगळं नीट. जानेवारीपर्यंत वेळच वेळ आहे." आजींना वाटलं, आवाज नीट आला नाही.

सोमवारी दुपारी गाडी परतीच्या रांगेत लागली. चौकीपाशी जावयांनी पासपोर्ट दिले आणि सासूबाईंना नवा आय-९४ हवा आहे, असं सांगितलं. अधिकाऱ्यानं गाडी बाजूला लावून सगळ्यांना आत जायला सांगितलं. आत लाकडी बाकं, मोबाईल बंद ठेवण्याची सूचना आणि आपल्यासारखीच थकलेली माणसं. दीड तास गेला. नातू आजींच्या मांडीवर झोपून गेला. मग त्यांना बोलावणं आलं.

अधिकारी चाळिशीचा, शांत. त्यानं पासपोर्टाची पानं एकेक करून उलटली. गेल्या वर्षी कधी आलात, कधी गेलात, या वर्षी कधी आलात. मग कागदावर आकडे मांडले आणि म्हणाला, "गेल्या सोळा महिन्यांतले अकरा महिने तुम्ही अमेरिकेत आहात."

आजी गप्प. सोळा आणि अकरा. त्यांनी गणित शिकवलं होतं, पण ही वजाबाकी कधी केली नव्हती.

"इथं दिवसभर काय करता?"

जावयांनी मान हलवून काहीतरी खुणावलं, पण आजींना खोटं बोलायची सवय नाही. "सकाळी नातीला शाळेच्या बसवर सोडते. नातवाला भरवते, झोपवते, गोष्ट सांगते. संध्याकाळी स्वयंपाक करते."

"त्याचे पैसे मिळतात?"

इथं आजींचा आवाज चढला. "आजीला कुणी पैसे देतं का?"

प्रश्न विचित्र वाटला तरी निरर्थक नाही. पाहुणा म्हणून आलेल्याला तिथं काम करता येत नाही. मग नातवंडं सांभाळणं ही भेट, की मोलकरणीचे पैसे वाचवणारं काम? आपल्याकडे हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येणार नाही. पण सरहद्दीवर तो विचारला जातो, आणि तिथला माणूस त्याचं उत्तर काय धरील हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

"तुम्ही परत गेलात तर मुलांना कोण बघेल?" त्यानं मुलीकडे पाहून विचारलं. मुलगी पाळणाघर असं काहीसं पुटपुटली.

"मग ह्यांना आणखी सहा महिने कशासाठी हवेत?"

आजींनी वळून लेकीकडे पाहिलं. "कुठले सहा महिने गं?" त्यांनी मराठीत विचारलं. लेकीनं मान खाली घातली. त्या अधिकाऱ्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण बाईंना काहीच ठाऊक नाही एवढं त्याला बरोबर कळलं. जावई बोलायला लागले, तसं त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं आणि आजींनाच विचारलं, "तुमचं घर कुठं आहे?"

"नाशिक."

"तिथं परत जायला काय कारण आहे?"

घर आहे, नवरा आहे, हे खरं तर पुरेसं होतं. पण माणसाला ऐनवेळी काय सुचेल सांगता येत नाही. आजींनी पर्स उघडली, पासबुक काढून काऊंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला नोव्हेंबरात बँकेत जायचं आहे. मी जिवंत आहे, हे सांगायला."

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं. आजींनी पुन्हा तेच सांगितलं. मग शाळेत समजावत असत तसं समजावून सांगितलं, की आपल्या देशात निवृत्तिवेतन घेणाऱ्यानं दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत जायचं, फॉर्मवर सही करायची. नाही दिला तर पेन्शन थांबते. गेल्या वर्षीसुद्धा त्यासाठीच त्या ऑक्टोबर संपायच्या आत परत गेल्या होत्या. त्यानं पासबुक उलटसुलट करून पाहिलं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला काही सांगितलं आणि दोघंही हसले. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

सहा डॉलर घेतले गेले नाहीत. "जुनीच तारीख कायम राहील, ९ ऑक्टोबर," त्यानं पासपोर्ट परत देताना सांगितलं. "आणि पुढच्या वेळी येण्याआधी घरी जरा जास्त दिवस राहा."

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बफेलो मागे पडलं. मुलं झोपली. मग आजी म्हणाल्या, "मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, नाही म्हणाले असते."

लेक रडायला लागली. तिचं चुकलं होतं, पण तिचं चुकलं असं एका वाक्यात म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. तान्ही मुलं, नवी नोकरी, सगळं घर परक्या देशात, आणि हाक मारल्यावर धावून येणारं एकच माणूस. त्या माणसाला आपण गृहीत धरतो आहोत हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? कळत होतं, म्हणूनच विचारायचं धाडस झालं नाही. "बाबांना सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "ते म्हणाले, राहू दे."

आजींना याचं जास्त लागलं. घरी पोचल्यावर रात्री त्यांनी नाशिकला फोन लावला. तिकडे सकाळ होती. आजोबांनी शांतपणे कबूल केलं, खानावळवाल्याला जानेवारीअखेरपर्यंतचं सांगून ठेवलं होतं, आणि पेन्शनचं काय ते बँकेत विचारूनही आले होते. "अहो, पण मला का नाही बोललात?" आजोबा थोडा वेळ थांबले. "तुला तिथं बरं वाटतं असं मला वाटलं. इथं आलीस की सारखी त्यांचेच फोटो बघत बसतेस."

आजींना तिथं बरं वाटत होतं, हेही खरंच होतं. नातू "आजी, गोष्ट" म्हणत पदर ओढायचा तेव्हा नाशिकची आठवणही यायची नाही. आणि रात्री तो झोपला की खिडकीबाहेरच्या शांततेत आजोबांच्या खोकल्याचा आवाज नसल्यानं झोपही यायची नाही. या दोन्हीचा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. लेक बोलावते म्हणून जायचं, मुदत संपते म्हणून यायचं. मधल्या चार वर्षांत कुठं किती राहायचं हे त्यांनी स्वतः एकदाही ठरवलं नव्हतं. ते पहिल्यांदा मोजलं एका परक्या माणसानं, पुलाच्या टोकाला बसून.

उरलेल्या महिन्यात घरात फारशी चर्चा झाली नाही, कामं झाली. मुलीनं दोन पाळणाघरं पाहून एक ठरवलं. आजींनी पहिल्या आठवड्यात रोज दोन तास नातवाबरोबर तिथं बसून त्याला रुळवलं. खाऊचे डबे कसे भरायचे, खोकल्यावर कोणता काढा द्यायचा, हे त्यांनी मराठीत लिहून फ्रिजवर लावलं. ७ ऑक्टोबरला त्या निघाल्या. नातू विमानतळावर रडला नाही. तो लिफ्टची बटणं दाबण्यात दंग होता. रडल्या त्या आजीच.

नोव्हेंबरात दोघं बँकेत गेली. रांग मोठी होती, सगळी ओळखीची डोकी, दर वर्षी एखाददुसरं कमी झालेलं. खिडकीतल्या मुलीनं फॉर्म पुढे करत विचारलं, "बाई, पत्ता तोच ना?"

"तोच," आजी म्हणाल्या आणि सही केली.

२०१७ मध्ये त्या गेल्या नाहीत. डिसेंबरात लेकच मुलांना घेऊन तीन आठवडे आली. नातवाला गोदाघाटावरची भेळ तिखट लागली, पण गंगेत दिवे सोडायला त्याला फार आवडलं. २०१८ च्या उन्हाळ्यात आजी पुन्हा निघाल्या तेव्हा आजोबाही बरोबर होते, आणि परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, तीन महिन्यांचं. नेवार्कच्या खिडकीवर दोघांना एकच प्रश्न विचारला गेला: किती दिवस राहणार?

"तीन महिने," आजी म्हणाल्या.

अधिकाऱ्यानं शिक्का मारून पासपोर्ट परत दिले. पुढे गेल्यावर आजोबांनी चष्मा लावून तारीख पाहिली. सहा महिन्यांची होती.

"परत जाऊन सांगू का त्याला, तीनच पुरेत म्हणून?" आजींनी विचारलं.

"चल आता," आजोबा म्हणाले, "बाहेर पोरं थांबली असतील."